शेराच्या मापातलं भिंग

हरिचंद्र भोईरला बदलापुरात सगळे ‘फोटोवाला’ म्हणत आणि त्याची आई कौसाबाई ‘वाया गेलेला’ म्हणे. मी पहिली काही वर्षं आईच्या बाजूचा होतो. घरची भातशेती भावावर टाकून हा माणूस लाकडी खोकं खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडतो, काळ्या फडक्यात डोकं खुपसून तासतास उभा राहतो आणि बाहेर आला की म्हणतो, “अजून जरा वाकडा हाय.” असल्या माणसाबद्दल शहाण्या माणसाचं मत दुसरं काय होणार?

आणि मी शहाणा होतो. मुंबईत एका कचेरीत कारकून, बदलापुरात आमच्या शाळेच्या मंडळाचा सेक्रेटरी. शरदचंद्रांना विचारल्याशिवाय मंडळात पान हलत नाही, असं लोक म्हणत. खरं म्हणजे विचारूनही हलत नसे. हरिचंद्रची गोष्ट मी सांगतो आहे, पण ती जिथे नासली तिथे माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही मला उगाच चांगला समजाल.

लढाईच्या दिवसांत कल्याण कॅम्पात लष्कर होतं. तिथे नकाशांचे फोटो काढणाऱ्या एका गोऱ्याकडे हरिचंद्र पाणी भरायला होता. पाणी भरता भरता तो फोटोच्या काचा, म्हणजे प्लेटा, धुवायला लागला आणि धुता धुता धंदा शिकला. लष्कर गेलं, बराकींत सिंधी कुटुंबं राहायला आली, आणि मधल्या काळात कॅम्पातलं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं. गावच्या लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, पत्र्याच्या टाक्या घेतल्या. हरिचंद्रनं एक मोठा लाकडी कॅमेरा घेतला आणि त्याच ढिगात पडलेलं लिंबाएवढं एक भिंग उचललं.

त्या भिंगाची खोड अशी की ते रुंद बघायचं. साध्या भिंगात समोरची भिंत मावते. हे भिंग खोलीच्या एका कोपऱ्यात उभं केलं तर समोरची भिंत, बाजूच्या दोन भिंती, छप्पर, जमीन आणि जमिनीवर लोळणारं मांजर, सगळं एका प्लेटीवर घेऊन येई. मात्र त्याचा आणि त्या कॅमेऱ्याचा काडीचाही मेळ नव्हता.

असल्या भिंगाला प्लेटीच्या अगदी जवळ जावं लागतं. कॅमेऱ्याचा कातडी भाता जुना आणि ताठर. तो कितीही दाबला तरी भिंग दोन बोटं लांबच राही आणि चित्र म्हणून स्पष्ट होईना. हरिचंद्र आठ दिवस ओट्यावर बसून होता. नवव्या दिवशी त्यानं कौसाबाईचं भात मोजायचं शेराचं माप घेतलं, बुडाला गोल भोक पाडून भिंग त्यात बसवलं, काठ कापून बाहेर वळवला आणि ते माप बूड आत करून कॅमेऱ्याच्या तोंडावर ठोकलं. भिंग पाहिजे तेवढं आत गेलं आणि चित्र लख्ख झालं.

“माझा शेर फोरलास!” कौसाबाई अंगणात उभी राहून ओरडली. “आता मी भात काय तुझे भिंगान मोजू?”

एक दुखणं बरं झालं की दुसरं उभं. भिंग आत गेलं तशी कॅमेऱ्याची पुढची फळी फोटोत दिसायला लागली. महिनाभर त्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोत खालच्या अंगाला एक आडवी फळी होती. सगळं बदलापूर कुंपणाआड राहतं असं वाटावं. त्यानं ती फळी करवतीनं कापली. मग दाबलेल्या भात्याच्या घड्या मध्ये लोंबून चित्राची एक कड खायला लागल्या. त्या त्यानं बायकोच्या परकराच्या नाडीनं मागे आवळून बांधल्या. त्याची बायको मोतीबाई सासूसारखी ओरडली नाही. तिनं नुसती दुसरी नाडी मागितली.

कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र बघून जुळवायचं असतं. या भिंगानं काचेच्या कोपऱ्यांत काळोखच पडे. हरिचंद्रनं कोपऱ्यांना खोबरेल चोळलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तो ज्या खोलीचा फोटो काढायचा तिच्या कोपऱ्यात पेटता कंदील ठेवायला लागला. ज्योत काचेवर रेखीव दिसली की कोपरा जुळला. भर दुपारी कंदील घेऊन येणारा फोटोवाला लोकांनी कधी पाहिला नव्हता. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका दुकानदारानं तर विचारलं, “भाऊ, दिवस आहे हे कुणी सांगितलं नाही का?”

आणि इतकं करून फोटो छापला की मध्यभाग पांढराफटक आणि कडा काळ्या. उजेड मध्ये जास्त पडे, कडेला कमी. त्यावर त्यानं पत्र्याचं एक चिमुकलं भिरभिरं केलं, तारेनं भिंगासमोर मधोमध लटकवलं आणि त्याला सायकलच्या पंपाची रबरी नळी जोडली. फोटो काढताना निम्मा वेळ तो नळीतून फुंकर मारी. भिरभिरं गरगर फिरून मधला उजेड अडवी आणि कडांना पोटभर उजेड मिळू देई. मग तार झटकन बाजूला आणि उरलेला वेळ सगळ्यांना सारखा. किती आकडे फुंकायचं आणि किती आकडे थांबायचं हे मोजायला त्याची मुलगी चिमी शेजारी उभी असे. तिचा आकडा कधी चुकला नाही.

समोर बसणाऱ्यांना मात्र आपल्या तोंडावर कुणीतरी फुंकर मारतंय याची लाज वाटे. फोटोत निम्मी माणसं हसताना दिसत ती त्यामुळेच.

या भिंगापायी अंबरनाथच्या एका कारखान्यात एकदा अनर्थ झाला. साहेबांच्या निरोपाचा ग्रुप फोटो होता. कारखान्यात बसण्याचा क्रम ठरलेला: मध्ये मोठे साहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना धाकटे साहेब, मग हेडक्लार्क, मग कारकून, आणि दोन टोकांना शिपाई. जागा अरुंद म्हणून हरिचंद्रनं रुंद भिंग लावलं. आता या भिंगाचा स्वभाव असा की कडेचं माणूस ते ताणून रुंद करतं. फोटो आला तेव्हा मोठे साहेब मध्ये सुपारीएवढे, आणि टोकाला बसलेला जयदेव शिपाई असा ऐसपैस, की निरोप त्यालाच आहे आणि साहेब हाराची पुडी घेऊन आले आहेत असं वाटावं. साहेबांनी फोटो परत केला. जयदेवनं तो मागून घेऊन घरी लावला.

त्यानंतर हरिचंद्रनं नियम केला: जाड माणसं मध्ये, बारीक कडेला. लोकांना वाटलं याला आता हुद्द्यांची समज आली. त्यानं फक्त पोटं बघितली होती. कारखान्यात दोन्हींचा हिशेब एकच निघे, ही त्याची चूक नव्हे.

त्या कॅम्पाचं आता उल्हासनगर झालं होतं; तिथे मात्र त्याची चलती झाली. कॅम्पातल्या बराकीच्या कडेला आठ फुटांचं कापडाचं दुकान टाकलेल्या टेकचंद शेठचा फोटो त्यानं काढला, तेव्हा शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. “साईं, ये तो हमारा कराचीवाला दुकान लगता है,” एवढंच तो म्हणाला आणि बराच वेळ फोटो हातात धरून उभा राहिला. हरिचंद्र मला हे सांगताना हसला नाही. मी हसलो.

आता आमच्या शाळेचं.

त्रेपन्न साल. शाळा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, भाताच्या जुन्या कोठारात भरे. वर्ग सातवीपर्यंत. मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, पण घरच्यांना आणि आम्हाला अजून निवृत्त न केलेले. शिकवायला कुमुदिनीबाई, आणि त्यांच्याएवढं काम करणारं शाळेत दुसरं कुणी नव्हतं. सातवीची फायनल झाली की मुलगे कल्याणला जात आणि मुली चुलीकडे. त्या वर्षी अकरा मुली फायनल पास झाल्या होत्या. त्यांत चिमी पहिली. तिच्यासाठी कौसाबाईनं वांगणीचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं.

“मी जूनपावेतो थांबतंय,” कौसाबाईनं मुलाला बजावलं होतं. “शाला निंगाली त शाला. नाय त वांगणी.”

हरिचंद्र एके दिवशी सकाळी माझ्याकडे आला. माझ्या ओट्यावर तो कधी बसत नसे, उभाच राही. मीही कधी बस म्हटलं नव्हतं. म्हणाला, “सेक्रेटरीसाहेब, आठवीचा काय ते करा. पोरीला मान खाली घालाया लावून मना तिचा लगीन करायचा नाय.”

आठवीचा वर्ग काढायला वरून मान्यता लागे. आम्ही अर्ज केला होता. पाहणीला येणारे साहेब तीनदा ठरले आणि तीनदा आले नाहीत. शेवटी पत्र आलं: प्रत्यक्ष पाहणी यथावकाश करण्यात येईल, तूर्त वर्गखोलीचे छायाचित्र पाठवावे. आठवीसाठी राखलेली खोली अठरा फूट बाय बारा. तिचा फोटो साध्या भिंगानं काढला तर एक भिंत, अर्धा फळा आणि कुमुदिनीबाईंचा कोपर एवढंच आलं असतं.

“हरिचंद्रला बोलवा,” विष्णुपंत म्हणाले. “त्याच्या त्या मापातून काढू दे.”

खोलीत कॅमेरा ठेवला तर फोटो काढायला खोली उरत नव्हती. हरिचंद्रनं खिडकीची दारं बिजागरीतून काढली, बाहेर रस्त्याच्या कडेला विटा आणि फळ्या रचून हातभर उंच चौथरा केला आणि कॅमेरा खिडकीत आणला. पाणी भरलेली बाटली आडवी ठेवून, आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यानं फळीखाली पाचरी मारल्या. कारण कॅमेरा जरा कलला की या भिंगात भिंती एकमेकींवर कोसळायला लागतात. चिमी कंदील घेऊन चारी कोपऱ्यांत फिरली. सगळं जुळलं. आणि तेव्हा विष्णुपंतांना कल्पना सुचली.

“मागच्या भिंतीशी पहिलीतली पोरं बसवा,” ते म्हणाले. “मोठ्या मुली सगळ्या पुढे, खिडकीजवळ. म्हणजे खोली लांबलचक दिसेल.”

हरिचंद्रनं फडक्यातून डोकं बाहेर काढलं. “साहेब, खोली हाय तवरीच दिसू द्या. भिंग दोन भिंती जास्त दाखवील, पन नसलेली भिंत दाखवत नाय. बारकी पोरां मागं बसवलीत त खोटा भिंग बोलत नाय, आपण बोलतो.”

“अरे, तू फोटोवाला आहेस,” विष्णुपंत म्हणाले. “शिक्षणाचं काम आमच्याकडे राहू दे. आठवी हवी आहे ना पोरीला?”

हरिचंद्रनं माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरी म्हणून मला काही बोलता आलं असतं. मी पहिलीतली पोरं मोजून मागच्या भिंतीशी नेऊन बसवली. चिमी कंदील विझवून बापाशेजारी चौथऱ्यावर येऊन उभी राहिली आणि आकडे मोजायला लागली.

फोटो असा झाला की संस्थानिकाचा दरबार भरावा. कुमुदिनीबाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, “या शाळेत मला नोकरी मिळेल का हो?”

पंधरा दिवसांत उत्तर आलं. छायाचित्रावरून खोली प्रशस्त असल्याचे दिसते, सबब मुलींचा आठवीचा वर्ग मंजूर. विष्णुपंतांनी पेढे मागवले. पेढे तोंडात असताना मी पुढची ओळ वाचली: एवढ्या मोठ्या जागेत पटावर तीसपेक्षा कमी विद्यार्थिनी असल्यास मंजुरी रद्द समजावी.

आमच्याकडे अकरा होत्या.

मंडळानं तातडीनं कृती केली, म्हणजे सभा घेतली. विष्णुपंतांनी पाड्यापाड्यांवर जाऊन स्त्रीशिक्षणाचे महत्त्व या विषयावर चार व्याख्यानं दिली. लोक आले, बसले, शेवटी टाळ्या वाजवल्या आणि मुलींना घेऊन भात लावायला गेले. व्याख्यानांनी एकही नाव आलं नाही. एका पाड्यावर तर आधी येणार म्हणालेल्या मुलीच्या बापानं व्याख्यानानंतर विचार बदलला.

मग हरिचंद्र निघाला. कॅमेरा खांद्यावर, चिमी बरोबर. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, मधले पाडे, एकही गाव सोडलं नाही. तो शिक्षणावर अक्षर बोलला नाही. त्या सुमारास शहराकडच्या स्थळांनी मुलीचा फोटो आधी मागण्याची नवी रीत काढली होती आणि पाड्यावरच्या आयांना त्याचा मोठा घोर होता. हरिचंद्र दारात बसून त्यांना एवढंच सांगे, “तुझे पोरीचा फोटो मी काढीन. फुकट. चांगला. पन आठवी पास झाल्यावर.”

एका पाड्यावर कमळाबाई नावाची एक खमकी बाई होती. तिनं विचारलं, “आदी काढलास त काय होतंय?”

“आदी काढला त डोले मिटलेले येतान,” हरिचंद्र म्हणाला.

ज्या पोरींनी दोन-दोन, तीन-तीन वर्षांपूर्वी फायनल देऊन पाटी ठेवून दिली होती, त्या निघाल्या. दोघी तर लग्न झालेल्या; त्यांना नवऱ्यासोबत फोटो हवा होता. लग्न व्हावं म्हणून आयांनी पोरींना शाळेत घातलं, हे विष्णुपंतांना मुळीच आवडलं नाही. पण पट भरला. एकोणीस नवी नावं. अकरा आणि एकोणीस, बरोबर तीस. पहिल्या नंबरावर चिमी.

आता प्रश्न त्यांना बसवायचं कुठे हा होता. तीस वाढत्या वयाच्या मुली अठरा बाय बारात बसल्या की कुमुदिनीबाईंना फळ्यापर्यंत पोचायला चौघींना उठवावं लागे. तरी वर्ग सुरू झाला. कौसाबाईनं वांगणीला निरोप धाडला की पोरगी शाळेत आहे, घाई नाही.

ऑगस्टात, कुणी बोलावलं नसताना, पाहणीचे साहेब आले. बारीक, चष्मेवाले, खिशात टेप. खोलीत शिरायला जागा नव्हती म्हणून ते दारातूनच म्हणाले, “वर्ग कुठे आहे?”

“हाच,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी माझी रजा होती; बातमी कळताच विष्णुपंत, मी आणि हरिचंद्र शाळेत पोचलो. मुलींना बाहेर काढून साहेबांनी खोली मोजली. मग फाइलीतून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. मागची भिंत हातानं ठोकून पाहिली. आम्ही उरलेली खोली भिंतीपलीकडे लपवली आहे असा त्यांना संशय होता.

“दोनशे सोळा चौरस फूट,” ते म्हणाले. “यात एकवीस मुली बसतात.”

“पण मंजुरी तिसांची आहे,” विष्णुपंत म्हणाले.

“तीच अडचण आहे.” साहेब खुर्चीवर टेकले. “मंजुरी आमच्या वरच्या साहेबांच्या सहीची. ती चुकली असं म्हणता येत नाही. खोली मी स्वतः मोजली, तीही चुकली असं म्हणता येत नाही. मधे राहतो तो फोटो. फोटो कुणी काढला?”

विष्णुपंतांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. “हा उभा आहे ना,” ते हरिचंद्रकडे बोट करून म्हणाले. “आम्हाला भिंगातलं काय कळतं, साहेब? आम्ही विश्वासानं काढायला सांगितला.”

हरिचंद्र पुन्हा माझ्याकडे पाहत होता. मागच्या भिंतीशी पहिलीची पोरं कुणी बसवली ते मला ठाऊक होतं. मीच बसवली होती. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर फार तर माझं सेक्रेटरीपद गेलं असतं, आणि ते जाण्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी खाली बघत राहिलो. याची मला आजही शरम वाटते.

“मंजुरी ऱ्हायेल ना, साहेब?” हरिचंद्रनं विचारलं.

“फोटो दिशाभूल करणारा होता आणि दोष सर्वस्वी तुमचा, असं लेखी द्या. मग मंजुरी राहील, तिसांची, आणि जागेचं पुढे बघता येईल.”

हरिचंद्रला सही येई, लिहिणं येत नसे. त्यानं दारातून चिमीला हाक मारली. ती आत आली, खाली बसली आणि बाप सांगेल तसं लिहून दिलं: फोटोचा दोष माझा, शाळेचा नाही, शाळेला शिक्षा नको. हरिचंद्रनं खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच खूश झाले. “अक्षर सुरेख आहे. कुणाचं?”

“माजे पोरीचा,” हरिचंद्र म्हणाला. त्याला ते सांगायचा मोह आवरला नाही. “याच वर्गात हाय. पहिला नंबर.”

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं. “मग हे बरं दिसणार नाही. खोटा दाखला देणाऱ्याचा संस्थेशी कोणताही संबंध नसावा, असा नियम आहे. मुलीचं नाव कमी करा.” ते उठले, चष्मा पुसला आणि दारात थांबून म्हणाले, “मात्र पट तिसांचाच हवा. एकही कमी चालणार नाही.”

साहेब गेले. मग विष्णुपंत म्हणाले, “शरदचंद्र, नाव कमी करून घ्या.” मी लाल शाईनं पहिल्या नंबरावरचं नाव खोडलं. दोन नंबरची पहिली झाली, तीनची दुसरी, अशा सगळ्या एकेकीनं वर सरकल्या. तिसाव्या नंबरासमोरची ओळ कोरी राहिली. तीस नंबर होते, एकोणतीस नावं होती. दोन्ही हुकूम पाळले गेले होते.

मला वाटलं हरिचंद्र भांडेल. तो खोक्याला हात न लावता घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो फावडं घेऊन. खिडकीबाहेरचा जूनपासून पडून असलेला चौथरा त्यानं नीट केला, खचलेल्या विटा बदलल्या, वर फळी टाकली, बाटली ठेवून ती पातळीत आहे ना पाहिलं. फळीवर गोणपाट घातलं. वर चार बांबू आणि मेणकापड. मग चिमीला हाताला धरून आणलं आणि तिथे बसवलं. खिडकीची दारं त्यानं परत बसवलीच नव्हती.

विष्णुपंत काठी आपटत आले. “हे काय चाललंय? तिचं नाव कमी झालंय.”

“झालंय ना, साहेब. ती शालेत नाय, रस्त्याव हाय,” हरिचंद्र म्हणाला. “रस्ता मंडलाचा नाय. आन या जाग्यावरून चारी कोपरे दिसतान, मी बघितलंय.”

कौसाबाई त्या दुपारी स्वतः येऊन गेली. वांगणीला उलट निरोप धाडायचा की नाही, हे ठरवायला आली होती. नातीच्या शेजारी चौथऱ्यावर बसून तिनं अर्धा तास भूमिती ऐकली. उठताना म्हणाली, “आत काय न भायेर काय, पाटी त दिसतंय,” आणि घरी गेली.

रोज सकाळी कुमुदिनीबाई हजेरी घेत. शाळेत हजेरी नंबरानं होई. मी कधी कचेरीला उशिरा निघालो की शाळेवरून जाताना ती ऐकू येई. एक, हजर. दोन, हजर. अठ्ठावीस, एकोणतीस. मग बाई जरा थांबत, कोऱ्या ओळीवर बोट ठेवत आणि खिडकीकडे न बघता म्हणत, “तीस?”

“हजर!” खिडकीबाहेरून आवाज येई. सगळ्या वर्गात तो मोठा असे, कारण त्याला आतपर्यंत पोचायचं असे.

बाई नावाच्या कोऱ्या जागेसमोर हजेरीची खूण करीत. महिन्याच्या शेवटी वर पाठवायच्या तक्त्यात पट तीस, हजर तीस. वरून कधी शंका आली नाही. आकडे भरले होते, आणि नावं कोण वाचतो?

पाऊस तिरपा आला की हरिचंद्र आपलं फोटोचं काळं फडकं चिमीभोवती गुंडाळून जाई. त्या दिवशी त्याचे फोटो बंद. एकदा मी त्याला गाठून म्हटलं, “हरिचंद्र, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.” तो म्हणाला, “व्हय, साहेब, बोलाया पायजे होतं.” दुसरा कुणी असता तर ‘जाऊ द्या’ म्हणाला असता. हरिचंद्रला तसलं बोलता येत नसे, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. खिडकीच्या कठड्यावर पेपर ठेवून चिमीनं ती दिली. निकालाच्या दिवशी कुमुदिनीबाईंनी निकालपत्रकांचा गठ्ठा माझ्यासमोर सहीला ठेवला. पत्रक नावाशिवाय होत नाही. मी एकोणतीस सह्या केल्या आणि तिसाव्यावर थांबलो. बाईंनी निळ्या शाईनं, ठळक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं. पलीकडे खुर्चीवर विष्णुपंत वर्तमानपत्र वाचत होते.

“झालं का सगळं?” त्यांनी विचारलं. “तीस आहेत ना?”

“तीस आहेत,” मी म्हटलं आणि सही केली, शिक्का मारला.

एकोणतीस मुलींना पत्रकं वर्गात दिली. तिसावं घेऊन मी बाहेर गेलो, रस्त्यानं वळसा घालून खिडकीशी. चिमी चौथऱ्यावर होती, हरिचंद्र खाली उन्हात उभा. मी पत्रक तिच्या हातात दिलं. तिनं नाव वाचलं नाही, सरळ आकड्यांवर गेली. ओठ हलवत खालपर्यंत आली आणि म्हणाली, “सेक्रेटरीसाहेब, बेरीज चुकलीय. नऊ मार्क कमी धरलेत.”

मी बेरीज केली. खरंच नऊ कमी होते, आणि ते धरले तर वर्गात तीच पहिली येत होती. मी चौथऱ्यावर तिच्या शेजारी बसलो, पत्रक गुडघ्यावर ठेवलं, आकडा दुरुस्त केला, शेजारी सही केली. मग हरिचंद्रला वाचता येत नाही म्हणून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वरून खालपर्यंत सगळं वाचून दाखवलं. सुरुवात नावापासून केली: चिमी हरिचंद्र भोईर.